वाचकांचे प्रश्न : साखळी सुपरमार्केट, आसपासच्या नोकऱ्या आणि मालाचे भाव

मोठ्या साखळी दुकानांबद्दल आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्यावर आलेली पत्रं एकत्र केली आहेत. हिशेबाच्या उदाहरणांतले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, ते कोणत्याही एका दुकानाचे नाहीत.

प्रश्न : आमच्या भागात मोठं सुपरमार्केट येतंय. 'दोनशे जणांना रोजगार' असा फलक लागला आहे. यात खरोखर नव्या नोकऱ्या किती, हे ठरवायचं कसं?

उत्तर : दोनशे ही माणसांची मोजणी झाली, कामाची नव्हे. आधी तास विचारा. समजा, ६० जण आठवड्याला ४० तासांचे आहेत आणि १४० जण २० तासांचे. म्हणजे पूर्णवेळ हिशेबात ६० अधिक ७०, एकूण १३० जागा. फलकावरचे सत्तर इथेच गळाले.

आता विक्रीकडे या. नवं दुकान उघडलं म्हणून लोक दुप्पट जेवत नाहीत. त्याच्या गल्ल्यात येणारा बराचसा पैसा आधी दुसऱ्या कुणाच्या तरी गल्ल्यात जात होता. दुकानाची अपेक्षित वार्षिक विक्री २६ कोटी धरा. १३० जागांना भागलं की माणशी २० लाखांची विक्री येते. आसपासच्या लहान दुकानांत माणशी विक्री कमी असते, ती १२ लाख धरू. नव्या दुकानाची ८० टक्के विक्री जुन्या दुकानांकडून आली, तर २० कोटी ८० लाखांचा धंदा तिकडून हलला. त्याला १२ लाखांनी भागलं की १७३ जणांचं काम येतं. १३० आले, १७३ गेले. हीच विक्री ५० टक्केच ओढली गेली, तर १०८ जणांचं काम जातं आणि २२ जागा वाढतात.

या उदाहरणात काटा ६० टक्क्यांवर आहे, म्हणजे जुन्या दुकानांकडून त्याहून जास्त विक्री ओढली गेली तर काम घटतं, कमी ओढली गेली तर वाढतं. कारण १२ भागिले २० म्हणजे ०.६. लहान दुकानाची माणशी विक्री भागिले मोठ्याची माणशी विक्री, एवढंच सूत्र. म्हणून परवानगीच्या सुनावणीत तीनच आकडे लेखी मागा : पूर्णवेळ हिशेबातल्या जागा, अपेक्षित विक्री, आणि त्यातला किती भाग आजवर लोक दूरच्या दुकानांत जाऊन खर्च करत होते. तिसरा आकडा कळीचा. बाहेर जाणारा पैसा परत आला, तर आसपासच्यांचं फारसं बिघडत नाही. शेजारच्या गल्ल्यातला आला, तर बिघडतं.

या हिशेबात दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे, घरचीच माणसं चालवतात ते दुकान विक्री घटली म्हणून माणूस काढत नाही. मालकाचंच उत्पन्न घटतं. नोकऱ्यांच्या आकडेवारीत तिथे काहीच घडलेलं नसतं. दुसरी, परिणाम उशिरा दिसतो. जागेचा भाडेकरार संपेपर्यंत आणि माल निघेपर्यंत दुकानदार तग धरतो, मग शटर ओढतो. उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी केलेली पाहणी त्यामुळे बहुधा गोड निघते. पाहणी करायचीच तर तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी पुन्हा करा आणि त्यात घाऊक व्यापारीही धरा. साखळी स्वतःच्या गोदामातून माल आणते, तेव्हा मधला घाऊकवाला आधी रिकामा होतो.

प्रश्न : मग अभ्यासक एकमेकांच्या उलट का बोलतात? कुणी म्हणतं नोकऱ्या वाढल्या, कुणी म्हणतं घटल्या.

उत्तर : अमेरिकेतल्या वॉलमार्ट या साखळीवरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा. एमेक बास्कर यांचा अभ्यास २००५चा. दुकान उघडतं त्या वर्षी त्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) किरकोळ व्यापारातल्या सुमारे १०० नोकऱ्या वाढतात. पुढच्या पाच वर्षांत इतर दुकानं बंद पडून किंवा आकसून त्यातल्या निम्म्या जातात आणि ५० उरतात. घाऊक व्यापारातल्या २०च्या आसपास कमी होतात. डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा अभ्यास २००८चा. तो सांगतो की एका दुकानामागे काउंटीतल्या किरकोळ व्यापारातल्या सुमारे १५० नोकऱ्या घटतात. वॉलमार्टचा एक कामगार इतरत्रच्या १.४ कामगारांची जागा घेतो.

कंपनी तीच, देशही तोच. फरक पडतो तो एका अडचणीच्या सोडवणुकीत. साखळी डोळे मिटून जागा निवडत नाही. जिथे वस्ती आणि कमाई वाढणार, तिथेच ती जाते. तिथल्या नोकऱ्या तिच्याविनाही वाढल्या असत्या. ती वाढ वेगळी काढण्यासाठी बास्कर यांनी दुकानांच्या क्रमांकांवरून उद्घाटनाचं मूळ नियोजित वर्ष काढलं. न्यूमार्क यांनी आर्कान्सातल्या मुख्यालयापासूनचं अंतर घेतलं, कारण वॉलमार्ट त्या केंद्रातून बाहेर पसरत गेलं. दोन्ही युक्त्यांवर टीका झाली आहे. आम्हाला दोन्ही अभ्यासांतून एवढं पक्कं वाटतं की पहिल्या वर्षाचा आकडा शेवटचा धरू नये.

तिसरं उदाहरण उलट्या बाजूचं. फ्रान्समध्ये १९७३च्या रॉयर कायद्याने मोठ्या दुकानांना स्थानिक मंडळाची परवानगी सक्तीची केली. मरियान बर्ट्रान आणि फ्रान्सिस क्रामार्झ यांनी २००२मध्ये दाखवलं की जिथे मंडळांनी जास्त अर्ज फेटाळले, तिथे किरकोळ व्यापारातली रोजगारवाढ मंदावली. आत असलेल्या मोठ्या दुकानांना नवा स्पर्धक आला नाही, हे त्यामागचं एक कारण. बंदीने लहान दुकानदारच वाचतो असं नाही. आधी आत शिरलेला मोठाही वाचतो.

प्रश्न : मोठ्या दुकानाला माल स्वस्त विकणं परवडतं कसं? फक्त घाऊक खरेदीमुळे?

उत्तर : घाऊक खरेदी हे एक कारण. बाकीची कमी दिसतात, पण वजन त्यांचंही मोठं आहे.

मालाची फिरत बघा. ८०ला घेतलेली वस्तू १००ला विकली, तर २० सुटतात. भांडवलात अडकलेला तोच पैसा वर्षात १२ वेळा फिरला की ८० गुंतवून २४० मिळतात, २५ वेळा फिरला की ५००. ज्याचा माल जास्त फिरतो, त्याला नगामागे कमी घेऊनही पुरतं. किराणा मालाच्या साखळ्यांचा निव्वळ नफा विक्रीच्या १ ते ३ टक्क्यांत राहतो, तो याच बळावर.

त्यानंतर उधारीची मुदत. दुकान माल १५ दिवसांत विकतं आणि पुरवठादाराला ४५ दिवसांनी पैसे देतं, तर ३० दिवस पुरवठादाराचा पैसा बिनव्याजी हाताशी असतो. रोजची खरेदी एक लाखाची असेल तर कायमचे ३० लाख. पुढचं दुकान त्यातून उभं राहतं.

माणसांचा खर्चही आलाच. गिऱ्हाइकाने माल स्वतः उचलायचा, ही कल्पना १९१६मध्ये मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स यांच्या 'पिगली विगली'ने रुळवली. मायकेल कलन यांनी १९३०मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये 'किंग कलन' काढलं, त्यात मोठी जागा, कमी मार्जिन आणि रोख व्यवहार यांची भर घातली. काउंटरमागच्या माणसाचं काम गिऱ्हाइकावर ढकललं गेलं. आता बिल करायचं कामही यंत्रापुढे उभं राहून आपणच करतो, म्हणजे ओढा शंभर वर्षांपासूनचा आहे.

आणि किमतींची मांडणी. दुकानात हजारो वस्तू असतात, पण गिऱ्हाइकाला भाव तोंडपाठ असतो तो मोजक्या नगांचा. तेवढे भाव पाडले की सगळं दुकान स्वस्त वाटतं. उरलेल्या वस्तूंवर ती कसर निघते.

प्रश्न : लहान दुकानं बंद पडल्यावर हे लोक भाव चढवणार, ही भीती खरी आहे का?

उत्तर : लहान दुकान बंद पडण्यापेक्षा दुसरी साखळी नसणं जास्त धोक्याचं.

आधी स्वस्ताईची बाजू. बास्कर यांनी २००५च्याच दुसऱ्या अभ्यासात शॅम्पू, टूथपेस्ट, कपड्यांचा साबण अशा वस्तूंचे शहरातले सरासरी भाव तपासले. वॉलमार्ट आल्यावर ते सुरुवातीला १.५ ते ३ टक्के उतरले, पुढे काही वर्षांत त्याच्या चौपट. म्हणजे शेजाऱ्यांनाही भाव उतरवावे लागले.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या साखळ्या आपल्या सगळ्या दुकानांत भाव जवळपास सारखे ठेवतात, हे स्टेफानो डेलाविन्या आणि मॅथ्यू गेन्ट्झकाव यांनी २०१९मध्ये दाखवलं. एखाद्या गावात स्पर्धक संपला म्हणून तेवढ्याच गावाचा फळीवरचा भाव लगेच चढेल असं नसतं. भाव चढतात ते सगळ्या प्रदेशात साखळ्या कमी उरल्या की, आणि ते बहुतेक विलीनीकरणातून घडतं. अमेरिकेत क्रोगर आणि अल्बर्टसन्स या दोन सुपरमार्केट साखळ्यांचं विलीनीकरण डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयाने रोखलं. ५७९ दुकानं दुसऱ्याला विकू, हा त्यांचा तोडगा पुरेसा वाटला नाही. त्यामागे आधीचा अनुभव होता. २०१५मध्ये अल्बर्टसन्स आणि सेफवे या साखळ्या एकत्र झाल्या, तेव्हा हॅगन नावाच्या छोट्या साखळीने १४६ दुकानं घेतली. १८ दुकानं चालवणारी साखळी रातोरात नऊपट झाली आणि त्याच वर्षी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुकानं विकत घेता येतात. गोदाम, संगणक, भाव ठरवणारी माणसं ही त्याच वेगाने उभी राहत नाहीत.

स्थानिक पातळीवर डोळ्यांत तेल घालून बघायची ती जमीन. साखळी दुकान बंद करताना जागा विकते आणि करारात 'इथे किराणा विकायचा नाही' अशी अट घालून जाते. ब्रिटनने २०१०च्या आदेशाने मोठ्या साखळ्यांना ही पळवाट बंद केली. तरी २०२०मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाला टेस्को या साखळीच्या २३ जमिनींवर अशा अटी सापडल्या. तुमच्या भागात साखळीने सोडलेली जागा वर्षानुवर्षं पडून असेल, तर आधी तिचा करार काढून वाचा.

प्रश्न : माझं छोटं उत्पादन आहे. एका साखळीकडून फळीवर जागा मिळतेय. भाव चांगला वाटतोय. होकार देऊ का?

उत्तर : वाटतो तो यादीतला भाव. हातात पडणारा भाव काढा. १०० यादीभाव धरून उतरत या :

बिलावरची सूट ८. वर्षअखेरीची उलाढालीवरची सूट ५. जाहिरात आणि योजनांतला तुमचा वाटा ४. परत आलेला, फुटलेला माल ३. उशिरा पोचल्याचा दंड १. उरले ७९.

उत्पादनखर्च ७२ आणि वाहतूक ४ असेल तर ३ राहतात. पैसे ६० दिवसांनी येणार असतील आणि तुम्ही १२ टक्के व्याजाने भांडवल आणत असाल, तर ७९वर सुमारे दीड रुपया व्याजात जातो. शंभराच्या नगावर दीड रुपयाही धड सुटत नाही. एक ट्रक परत आला की तो महिना तोट्यात.

म्हणून सही करण्याआधी करारात काय असायला हवं, ते सांगतो. प्रत्येक कपातीचं नाव, टक्केवारी आणि वरची मर्यादा. 'वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे' असं वाक्य असेल तर ते खोडून घ्या, सगळं दुखणं त्या वाक्यात असतं. नाशवंत माल असेल तर ऑर्डर रद्द करण्याची किमान मुदत. परत येणाऱ्या मालात फक्त तुमच्या दोषाचा माल, विकला न गेलेला नव्हे. योजनेच्या काळात कमी भावाने जास्तीत जास्त किती नग उचलता येतील याचा आकडा, नाहीतर पंधरा दिवसांच्या योजनेत तीन महिन्यांचा माल कमी भावात उचलून ठेवला जातो आणि पुढचे अडीच महिने तुमच्याकडे ऑर्डर येत नाही. पैसे देण्याची मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची, माल पोचल्याच्या की बिल मंजूर झाल्याच्या, हेही लिहून घ्या. यात वीस दिवस सहज जातात.

हे तंटे जगभर सारखेच आहेत. ब्रिटनमध्ये २०१०पासून मोठ्या साखळ्यांना पुरवठा-संहिता, म्हणजे पुरवठादारांशी कसं वागायचं याचे नियम, लागू आहे आणि २०१३पासून तिच्यावर स्वतंत्र निवाडाधिकारी आहे. युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशानुसार नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत आणि इतर मालाचे ६० दिवसांत द्यावे लागतात. नाशवंत मालाची ऑर्डर ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द करता येत नाही. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी मसुदा करताना या अटी नमुना म्हणून वापरता येतात.

एका साखळीला किती माल द्यायचा? आमच्या मते उत्पादनाच्या तीस टक्क्यांपुढे जाऊ नका, निदान पहिली दोन वर्षं. तिच्यासाठी वाढवलेली यंत्रं आणि माणसं तिची ऑर्डर थांबल्यावर दुसरीकडे लागत नाहीत. भाव कमी करा असा निरोप नेमका तेव्हाच येतो.

प्रश्न : शेजारी सुपरमार्केट आलंय. मी माझ्या दुकानातले भाव उतरवू का?

उत्तर : सरसकट उतरवू नका. तुमचं मार्जिन २० टक्के असेल आणि ५ टक्के भाव उतरवलात, तर पूर्वीइतकंच सुटण्यासाठी नगांची विक्री ३३ टक्क्यांनी वाढायला हवी (२० भागिले १५). शेजारी मोठं दुकान असताना ती वाढत नसते. बास्कर आणि मायकेल नोएल यांच्या २००९च्या अभ्यासात वॉलमार्टचे भाव स्पर्धकांपेक्षा १० टक्क्यांच्या आसपास कमी आढळले. उत्तरादाखल स्पर्धकांनी भाव उतरवले ते सरासरी १ ते १.२ टक्के, आणि त्यातही लहानांनी जास्त, मोठ्या साखळ्यांनी कमी. ज्याच्याकडे कमी होतं त्याने जास्त सोडलं.

दोन आठवड्यांची बिलं काढा. सर्वांत जास्त बिलांवर येणाऱ्या ४० वस्तूंची यादी करा. विक्रीच्या रकमेने नको, बिलांच्या संख्येने. तेवढ्या वस्तूंचा भाव सुपरमार्केटच्या दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवा, बाकी हलवू नका. मग फळ्या बघा. ६० दिवस न हललेला माल काढून टाका. ती जागा वजनाने, सुट्या, ताज्या किंवा मागणीनुसार आणायच्या मालाला द्या, कारण साखळीच्या गोदामाला तो झेपत नाही.

एकत्र खरेदी हा जुना आणि टिकलेला उपाय आहे. जर्मनीतली एडेका ही आजची आघाडीची साखळी स्वतंत्र व्यापाऱ्यांची सहकारी संस्था आहे. तिची मुळं १८९८मधल्या बर्लिनच्या दुकानदारांच्या खरेदी-संघात सापडतात. स्पार ही साखळीही १९३२मध्ये नेदरलँड्समध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांच्या स्वेच्छा-गटातून निघाली. सुरुवात दहा-पंधरा दुकानं आणि तीस वस्तूंनी करा. गट मोडतात ते ठरलेल्या दोन कारणांनी : सभासद बाहेर दोन पैसे स्वस्त दिसलं की तिकडून उचलतो, आणि एकाचे पैसे थकले की सगळ्यांची पत जाते. पहिल्यासाठी महिन्याची किमान उचल बांधून घ्या. दुसऱ्यासाठी प्रत्येकाची एका ऑर्डरइतकी ठेव आधीच जमा ठेवा.

प्रश्न : खरेदीच्या किमतीपेक्षा कमी भावात विकायला कायद्यानेच बंदी का घालू नये?

उत्तर : घालून बघितली आहे. फ्रान्सच्या १९९६च्या गालां कायद्याने पुरवठादाराच्या बिलावरच्या किमतीखाली विकायला मनाई केली. साखळ्यांनी पुरवठादारांकडून सूट बिलावर घेणं कमी केलं आणि ती मागाहून, 'सेवाशुल्क' म्हणून वसूल करायला सुरुवात केली. बिलावरची किंमत फुगली. कायद्याने तीच तळाची किंमत झाली. सगळ्या दुकानांत भाव वर राहिले आणि साखळ्यांमधली चढाओढच थंडावली. २००५ आणि २००८मध्ये फ्रान्सला हा हिशेब बदलावा लागला. आयर्लंडने १९८७चा असाच आदेश २००६मध्ये रद्द केला.

जर्मनीने निराळी वाट धरली. तिथे बंदी फक्त मोठी बाजारशक्ती असलेल्यांना आहे. २०००मध्ये तिथल्या कार्टेल कार्यालयाने, म्हणजे स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाने, वॉलमार्ट, आल्डी नॉर्ड आणि लिडल या साखळ्यांना दूध, लोणी, साखर अशा काही वस्तूंचे भाव वाढवायला लावले. असा कायदा मागायचा असेल तर 'खरेदीची किंमत' कशाला म्हणायचं, मागाहून मिळणाऱ्या सगळ्या सुटी वजा करून की नाही, ही व्याख्या आधी लिहून घ्या. फ्रान्सचं गाडं त्या एका ओळीवर अडलं होतं.